निकाहाचा कागद

मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथे मिळतो, त्या हातखंब्यावरून आमची माणसे मुंबईला, आखातात गेली. बायकोला तिकडे न्यायचे तर निकाहाचा कागद लागतो, हे तेव्हा कळले.

निकाहाआधी सरकारी परवाना आमच्याकडे नव्हता, आजही नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करणाऱ्यालाच तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. निकाहाला दोघांची कबुली, गवाह आणि मेहर पुरते. नोंद काझीच्या वहीत. इंग्रजांनी १८६४ साली काझींची सरकारी नेमणूक बंद केली. लोकांची अडचण झाली, तेव्हा १८८०च्या काझी अधिनियमाने ती पुन्हा सुरू झाली. पण निकाहाला काझी हवाच, असे त्या कायद्यानेही म्हटले नाही.

महाराष्ट्राने १९९८च्या कायद्याने सर्वधर्मीयांना विवाहनोंदणी लागू केली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर सक्तीच्या नोंदणीचा आदेश दिला. नोंदणीने निकाह होत नाही, पण झालेल्या निकाहाचा तो भक्कम पुरावा ठरतो.

हा पुरावा लागतो कोणाला? नवरा उलटला की मेहर मागणाऱ्या आमच्या लेकीला. म्हणून जमातीच्या वहीवरच थांबू नये. मुलीच्या हाती दोन्ही कागद द्यावेत.