‘बॉयकॉट’ कुणाचा आणि बहिष्कार कुणावर?

पेण तालुक्यातलं हमरापूर म्हटलं की बाहेरच्यांना गणपतीचे कारखाने आठवतात. आम्हाला तिथला अभ्यासवर्ग आठवतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी जमतात आणि आम्ही जमेल तसं इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी विरोधाचे शब्द घेतले होते. डिसअग्री, अपोज, ऑब्जेक्ट, प्रोटेस्ट, डिसेंट, बॉयकॉट. फळ्यावर समोर मराठी अर्थ लिहीत गेलो. असहमत होणे, विरोध करणे, हरकत घेणे, निषेध करणे, मतभेद नोंदवणे, बहिष्कार घालणे.

शेवटच्या शब्दावर एका मुलीने हात वर केला. तिचा प्रश्न असा: मोबाईलवर चिनी मालावर घालतात तोही बॉयकॉट आणि गावात आपल्या घरावर टाकतात तोही बॉयकॉट, मग या दोन्हीत घालणारा कोण आणि सोसणारा कोण हे शब्दावरून कसं कळायचं?

कळत नाही. म्हणूनच हा लेख.

मित्रांनो, हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाचा जमीनदार होता आणि कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा त्याचा कारभारी. पीक बुडालं म्हणून कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली. मालक 10 टक्क्यांवर अडला आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या. त्याच सुमारास, 19 सप्टेंबर 1880 रोजी, पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिस गावच्या सभेत सांगितलं होतं की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याला एकटं पाडा. मेयोतल्या कुळांनी हेच हत्यार थेट कारभाऱ्यावर चालवलं. त्याच्या शेतावर मजूर जाईना, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस. सुमारे 500 पौंडांचं पीक वाचवायला 10,000 पौंड खर्च झाला असं सांगतात. त्या वर्षाच्या डिसेंबरात कॅप्टन साहेब आयर्लंड सोडून गेले. नाव मात्र मागे राहिलं. ‘ऑस्ट्रसाइज’ हा जड शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही म्हणून तिथल्या फादर ओ’मॅली या धर्मगुरूने ‘बॉयकॉट’ हेच क्रियापद सुचवलं, असा इतिहास आहे.

म्हणजे जन्मतः हा शब्द कुळांचा आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, सत्ता नाही, त्याने सत्तावाल्याला दिलेला नकार. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. एकटं पाडा हे समजावताना पार्नेलने दाखला दिला तो जुन्या काळी वस्तीबाहेर काढल्या जाणाऱ्या महारोग्याचा. लढाऊ शब्द घडत होता तेव्हाही उपमा लागली ती गावकुसाबाहेरच्या माणसाचीच.

आपल्याकडे या हत्याराला नाव उसनं आणायची गरजच नव्हती. वाळीत टाकणं, ग्रामण्य, गावकी, हुक्कापाणी बंद, भरपूर शब्द आहेत. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य आलं होतं. पण त्यांना प्रायश्चित्ताची सोय होती. आमच्या आज्या-पणज्यांना कोणतं प्रायश्चित्त होतं? पुढे 1905 नंतर त्याच टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंगतीला ‘बहिष्कार’ येऊन बसला आणि मराठीत त्या शब्दाला देशभक्तीचा टिळा लागला. एकीकडे मँचेस्टरच्या कापडावर बहिष्कार घालणारा देशभक्त, दुसरीकडे तोच गडी गावी येऊन महारवाड्याला दाणा-पाणी बंद करणार, आणि दोन्हीला शब्द एकच!

बाबासाहेबांनी हा शब्द कसा वापरला ते पाहा. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, 3 एप्रिल 1927 पासून ‘बहिष्कृत भारत’. 19-20 मार्च 1927 ची महाडची परिषद झाली ती ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद’ म्हणून. कुलाबा म्हणजे आपलाच आजचा रायगड. त्यांनी ‘बहिष्कार घालणारे’ होण्याचा मान मागितला नाही, ‘बहिष्कार सोसणारे’ हे आपलं नाव म्हणून उघडपणे मिरवलं. या एका कृतीनेच शब्दातला कर्ता-कर्म दिसायला लागला.

मग आली समिती. मुंबई सरकारने 1928 मध्ये स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सदस्य होते. 1930 च्या तिच्या अहवालात गावोगावच्या बहिष्काराचं जे वर्णन आहे ते आजही कुणी वाचावं. दलितांनी हक्क बजावला की जमीन काढून घेतात, मजुरी थांबते, गावकामगारांचं बलुतं बंद होतं, रोजच्या वाटा अडवतात, वाणी जिन्नस देत नाही. आणि कारणं कोणती? जमीन विकत घेतली, चांगले कपडे-दागिने घातले, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली.

1930 च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाचा मसुदा मांडला, त्यात या समितीचा हवाला आहे. आणि पुढे जे आहे ते आमच्या मते बाबासाहेबांच्या कायदेपांडित्याचा कळस आहे. त्यांनी तीन गुन्हे वेगळे काढले: बहिष्कार घालणे, बहिष्काराला चिथावणी देणे, बहिष्काराची धमकी देणे. बहिष्कार म्हणजे काय याची व्याख्याही दिली. घर-जमीन न देणं, व्यवहार न करणं, कामावर न घेणं, सेवा नाकारणं, नेहमीचे सामाजिक-धंद्याचे संबंध तोडणं. या तरतुदी बऱ्याचशा 1922 च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यातून घेतल्या, हेही त्यांनी लपवलं नाही.

इथे कुणी म्हणेल की तो कायदा तर ब्रिटिशांनी ब्रह्मी राष्ट्रवाद्यांना चेपायला केला होता. म्हणेनात. साहेबाच्या शस्त्रागारातलं हत्यार घेऊन ते गावच्या पाटलाकडे रोखायला कलम चालवणाऱ्याची अक्कल लागते. आणि त्या मसुद्याला एक अपवाद जोडलेला आहे, तो मुद्दाम वाचा: खऱ्याखुऱ्या कामगार-तंट्यात केलेली कृती बहिष्कार ठरणार नाही, नेहमीच्या धंद्यातली स्पर्धाही नाही. म्हणजे मेयोच्या कुळाचा नकार एकीकडे आणि गावाने वस्तीचं पाणी तोडणं दुसरीकडे. जी गोष्ट शब्दाने झाकली होती ती बाबासाहेबांनी एका अपवादाने उघडी केली. मजूर काम नाकारतो तेव्हा तो गुन्हेगार नाही, मालकांचं गाव मजुराचं जगणं नाकारतं तेव्हा ते गुन्हेगार आहे.

आणि हे केवळ लंडनच्या कागदावर राहिलं नाही. पेणला लागूनच अलिबाग तालुका, तिथलं चरी गाव. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं की खोतांची, सावकारांची शेती कसायची नाही. पंचवीस गावं, पाच-सहा वर्षं, जमिनी ओसाड, पोट लाकूडफाट्यावर. हा आयरिश अर्थाने अस्सल बॉयकॉट, पण लोक त्याला ‘संप’ म्हणाले आणि तेच बरोबर होतं. बाबासाहेब 1934 च्या डिसेंबरात चरीला आले, 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्याच वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकाला विरोध करताना त्यांचा मुद्दा होता की संप हा फार तर कराराचा भंग आहे, त्याला फौजदारी गुन्हा करणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं. 7 नोव्हेंबर 1938 चा संप त्यातूनच झाला. गोलमेजच्या मसुद्यातला तो अपवाद आठ वर्षांनी मुंबईच्या रस्त्यावर उतरला, असं आम्ही म्हणतो.

शब्दांबाबत बाबासाहेब किती काटेकोर होते याचं आणखी एक उदाहरण. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव हिणकस आहे म्हणून नोव्हेंबर 1931 मध्ये त्यांनी पर्याय सुचवले, त्यांत ‘प्रोटेस्टंट हिंदू’ आणि ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ होते. युरोपात धर्मसत्तेशी भांडलेल्यांची नावं! दबलेले नव्हे, न मानणारे. (ती नावं टिकली नाहीत. 1956 ने त्यांची गरजच संपवली.)

आता आजच्या रायगडकडे येऊ. 2014-15 च्या सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या वाळीत टाकण्याच्या बातम्या रोज छापून यायच्या. राज्याने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो जुलै 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. चांगला कायदा आहे, पण त्याचा रोख एकाच समाजातल्या जातपंचायत-गावकीवर आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. गावातल्या सवर्णांनी बौद्ध घराचं पाणी तोडलं तर तिथे ॲट्रॉसिटी कायदाच लागतो. 2015 च्या दुरुस्तीने त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा शब्दांत लिहिलेला गुन्हा आहे, कलम 3(1) मध्ये. आपले कार्यकर्ते पुष्कळदा चुकीच्या कायद्याखाली अर्ज देतात आणि मग वर्षभर भांडत बसतात.

त्याहून मोठी चूक शब्दाची. एका कुटुंबाचा अर्ज आमच्या हाती आला होता, गाव सांगत नाही. पहिलीच ओळ होती: ‘आमचा गावकऱ्यांशी वाद झाला आहे.’ ठाण्यात तो ‘दोन गटांतील तंटा’ म्हणून नोंदला गेला आणि शांतता राखण्याची समज दोन्ही बाजूंना मिळाली. ज्याचं पाणी तोडलं त्यालाही! वाद म्हटलं की दोन माणसं समान उंचीवर उभी राहतात. बहिष्कारात तसं नसतं. तिथे एक बाजू कृती करते, दुसरी तहानलेली असते.

हमरापूरच्या वर्गात आम्ही तो अर्ज नावं झाकून फळ्यावर लिहिला आणि पोरांना दुरुस्त करायला सांगितला. ‘वाद’ सगळ्यात आधी त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने खोडला. मग एकेकाने भर घातली: कोणत्या तारखेपासून, कोणत्या दुकानाने, कोणता नळ, कोणती पायवाट, बैठकीत कोण काय बोललं, कोणत्या हक्काच्या कामावरून सुरू झालं. अर्ज एका पानाचा तीन पानांचा झाला. तो त्या कुटुंबाने पुन्हा दिला आहे. पोच घेतली आहे. गुन्हा अजून दाखल झालेला नाही.