शिजवलेली पालेभाजी व डबाबंद टोमॅटो : पोषणमूल्य

मोहगाव, सौंसर आणि पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील मराठीभाषक मुलूख 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. येथील स्वयंपाकाची रीत विदर्भाचीच आहे. पालक, चवळई, मेथी, आंबाडी, चिवळ या भाज्या आणि ज्वारीची भाकर हे नेहमीचे जेवण. लग्नाच्या पंगतीत तुरीच्या डाळीत पाला व टमाटर घालून केलेली डाळभाजी. सोललेल्या टोमॅटोचा डबा ही मात्र शहरातील दुकानांची आणि परदेशी गेलेल्या मराठी घरांची वस्तू. त्या घरांत पालेभाजीऐवजी डबा चालेल का, हा प्रश्न खरोखरच पडतो.

चालणार नाही. पाणी निथळलेल्या 100 ग्रॅम शिजवलेल्या पालकात लोह सुमारे 3.6 मि.ग्रॅ., कॅल्शियम 136 मि.ग्रॅ. व फोलेट 146 मायक्रोग्रॅम असते; प्रथिने सुमारे 3 ग्रॅम. तेवढ्याच डबाबंद टोमॅटोत लोह 1 मि.ग्रॅ.पेक्षा कमी, कॅल्शियम 30च्या आसपास, फोलेट जेमतेम 8 मायक्रोग्रॅम. अ आणि के जीवनसत्त्वांतही पाला कितीतरी पुढे आहे. क जीवनसत्त्वात दोन्ही साधारण बरोबरीने, 10 मि.ग्रॅ.च्या जवळपास; कच्च्या पालकातले बरेचसे शिजताना जाते, टोमॅटोतले आंबटपणामुळे अधिक टिकते.

टोमॅटोचे बळ लायकोपीन या लाल रंगद्रव्यात आहे. पालकात ते जवळपास नसतेच. उष्णतेने टोमॅटोच्या पेशी फुटतात व लायकोपीन मोकळे होते, म्हणून ताज्या फळापेक्षा शिजवलेल्या किंवा डबाबंद टोमॅटोतले लायकोपीन शरीरात सहज शोषले जाते. सोबत थोडे तेल हवे. या एका बाबतीत डबा ताज्या फळाहून सरस ठरतो. पण डब्यात बहुधा मीठ घातलेले असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी वेष्टनावरील सोडियमचा आकडा पाहावा.

पालकाचा कॅल्शियमचा आकडा फसवा आहे. पाल्यातल्या ऑक्झॅलेटशी कॅल्शियम बांधले गेल्याने त्याचा अगदी थोडा, सुमारे विसावा हिस्साच अंगी लागतो. मेथीत ऑक्झॅलेट पुष्कळ कमी असल्याने कॅल्शियमसाठी ती अधिक भरवशाची. वनस्पतीतील लोहही सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व सोबत असले की शोषण वाढते. डाळभाजीत पाल्याबरोबर टमाटर पडतो आणि वरून लिंबू पिळले जाते, ही रीत म्हणूनच जपण्याजोगी आहे. देशातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे लक्षात घेता तिचे महत्त्व चवीपुरते राहत नाही.

डबाबंदीतही दोघांची जात वेगळी. टोमॅटो आंबट असल्याने, गरज पडल्यास सायट्रिक आम्ल घालून, उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर सुरक्षित होतो. पाल्याला दाबाखाली 121 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता द्यावी लागते. ती न मिळाल्यास बोटुलिझमचे जीवघेणे विष तयार होण्याचा धोका असतो. पालेभाजी घरी डब्यात भरण्याचा प्रयोग करू नये.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक उकळून पाणी फेकावे, आणि रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी पाल्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. इतरांनी पालक उकळलेले पाणी वरणात घालावे; विरघळलेले फोलेट व क जीवनसत्त्व त्यातच उतरलेले असते.