ट्रकच्या इंजिनाचे काटे टॅबलेटवर

अमेरिकेतील अवजड ट्रकच्या डॅशबोर्डवर मोजक्याच तबकड्या असतात. इंजिनाचा संगणक मात्र त्याहून कितीतरी अधिक माहिती ‘जे१९३९’ या प्रमाणित पद्धतीने सतत पाठवीत असतो. डॅशबोर्डखालच्या नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर बसविला की तो ती माहिती ब्लूटूथ किंवा वाय-फायद्वारे टॅबलेटकडे धाडतो. मोटारींसाठीचा सोळा पिनांचा अडॅप्टर या सॉकेटमध्ये बसत नाही. इंजिनातील पाण्याचे तापमान एका साध्या आकड्यात येते. १३० मधून ४० वजा केले की ९० अंश सेल्सिअस. हे गणित अर्थातच अ‍ॅप करते.

तेलाचा दाब, टर्बोचा दाब, धुराच्या फिल्टरमधील काजळी असे हवे ते काटे पडद्यावर मांडता येतात. खरा उपयोग चढणीवर. लाल दिवा पेटेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. तापमान नेहमीपेक्षा चढू लागल्याचे मात्र आकड्यांवरून आधीच उमगते.

डिसेंबर २०१७ मध्ये चालकांच्या कामाचे तास इलेक्ट्रॉनिक यंत्रात नोंदविण्याचा नियम अमेरिकेत लागू झाला आणि अशी जोडणी असंख्य केबिनमध्ये पोहोचली. धोकाही त्याबरोबरच आला. अनेक अडॅप्टर माहिती केवळ वाचत नाहीत, इंजिनाला आदेशही पाठवू शकतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशाच एका नोंदयंत्रात वाय-फायवरून शिरकाव करून धावत्या ट्रकचा वेग कमी करून दाखविला. त्यामुळे यंत्रासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि शक्यतो केवळ माहिती वाचणाराच अडॅप्टर घ्यावा.