तुरुंगातून सुटलेल्यांना सोबती : वस्तीतल्या संघटनांनी काय करावे?

तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाला ठरावीक काळ, मोबदला न घेता साथ देणारा प्रशिक्षित स्वयंसेवक म्हणजे सोबती. तो वकील नाही, पोलीस नाही आणि सावकारही नाही. तारखेला कोर्टात बरोबर जाणे, आधार आणि रेशनकार्डाची कामे मार्गी लावणे, काम शोधायला मदत करणे, घरच्यांशी बोलणे ही त्याची कामे. मुक्ताईनगर तालुक्यातल्या विहारांनी आणि मंडळांनी हे काम हाती घ्यावे, यासाठी आवश्यक माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

हा प्रश्न आपला का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या दर चार बंद्यांपैकी तीन न्यायाधीन आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. तुरुंगात मात्र ते सुमारे एक पंचमांश आहे. आतही जात सुटत नव्हती. कारागृह नियमावल्यांमधली जातीनिहाय कामाची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात घटनाबाह्य ठरवली.

आंदोलनांतल्या गुन्ह्यांचेही तसेच. जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. मोर्चाला हजारो येतात, पण पुढे तारखेला आरोपी एकटाच उभा असतो. मजुरी बुडते म्हणून एखादी तारीख चुकली की वॉरंट निघते आणि माणूस पुन्हा आत जातो.

जामीन मिळूनही आत

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो. जामीनदाराकडे सातबारा किंवा ऐपतीचा दाखला मागितला जातो. दुसऱ्याच्या केळीच्या बागेत राबणाऱ्या भूमिहीन कुटुंबाने सातबारा आणायचा कुठून? शिवाय आपल्याकडे सोयरिकी बऱ्हाणपूरपर्यंत आहेत, आणि परजिल्ह्यातला जामीनदार नको, असे अनेकदा सांगितले जाते. याचे उत्तर १९७८ मध्येच मिळाले आहे. मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अट चुकीची ठरवली.

३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार, जामीन मिळूनही बंदी सात दिवसांत सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. महिनाभरात हमी देता आली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. गरीब बंद्यांसाठी केंद्राच्या योजनेत २०२३ मध्ये जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. सोबत्याने या मुदती पाठ ठेवाव्यात, कारण कुटुंबाला त्या कोणी सांगत नाही.

कायद्यात आपल्याला जागा आहे

परिविक्षा अधिनियम १९५८ च्या कलम १३ प्रमाणे राज्य सरकारने मान्यता दिलेली संस्थासुद्धा परिविक्षा अधिकारी म्हणून माणूस देऊ शकते. देखरेख आणि रोजगार शोधण्यास मदत ही त्याची कर्तव्ये कलम १४ मध्ये आहेत. कलम १२ नुसार परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. नोकरीच्या वेळी हे उपयोगी पडते.

दुसरा रस्ता अधिक सोपा आहे. विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमते. त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. तसेच १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या व्यक्तीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

इतरांनी काय केले?

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत बंद्यांसोबत आणि सुटलेल्यांसोबत काम करतो. जपानमध्ये सुमारे ४७ हजार स्वयंसेवक परिविक्षा अधिकारी आहेत. त्यांना खर्च मिळतो, पगार नाही. या परंपरेचे मूळ १८८८ मध्ये शिझुओकात किनपारा मेइझेन यांनी काढलेल्या संस्थेत आहे. सुटून आलेल्या एका माणसाला घर उरले नव्हते, थारा कोणी दिला नाही आणि त्याने जीव दिला. त्या घटनेतून ही संस्था उभी राहिली.

त्याच जपानमध्ये मे २०२४ मध्ये ओत्सू शहरात अशा एका स्वयंसेवकाचा खून झाला आणि त्याच्याच देखरेखीखालच्या माणसाला अटक झाली. म्हणून नुसत्या चांगुलपणावर हे काम चालत नाही, नियम लागतात.

नियम

१. एका माणसामागे दोन सोबती. स्त्रीसाठी सोबती स्त्रीच असावी.
२. भेट विहारात किंवा सार्वजनिक ठिकाणी, ठरलेल्या वेळी.
३. गुन्ह्याचा तपशील विचारू नये, वस्तीत बोलू नये, फोटो टाकू नये.
४. पीडित किंवा साक्षीदारांशी संपर्क नको. तडजोडीचा निरोप नेणे हे सोबत्याचे काम नाही.
५. उसने पैसे देऊ नयेत, स्वतः जामीनदार राहू नये.
६. मुदत आधीच ठरवावी. आमच्या मते सहा महिने पुरेसे आहेत.

पीडित आपल्याच वस्तीतला असेल तर त्याचा शब्द आधी ऐकावा. अंगुलिमालाला संघात जागा मिळाली, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी दगड मारले आणि ते त्याला सोसावे लागले. तथागतांनी त्याला जागा दिली, पण लोकांची जखम नाकारली नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात.

सुरुवात कशी करावी?

वस्तीतले चार-पाच तरुण-तरुणी निवडा. जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवकासाठी अर्ज करा. जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटून पुनर्वसनाच्या योजना समजून घ्या. विहारात एक वही ठेवा आणि तीत फक्त तारीख, कोर्ट आणि सोबत्याचे नाव लिहा. ही वही कुलपात ठेवा. पहिल्या वर्षी दोन माणसांच्या सगळ्या तारखा चुकल्या नाहीत, तरी काम झाले असे आम्ही समजू.