प्रवेश आणि निवारा : देवणी परिसरातील विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठीच्या स्थलांतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

देवणी हे नाव महाराष्ट्राला प्रामुख्याने तेथील गोवंशामुळे परिचित आहे. लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील हा तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी देवणीचा परिसर उदगीर तालुक्यात समाविष्ट होता आणि उदगीर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातील, पुढे हैदराबाद राज्यातील, बीदर जिल्ह्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मराठवाड्यासह द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात आला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निर्माण झाला. भालकी आणि औराद हे कर्नाटकातील तालुके आजही देवणीला लागून आहेत.

शिक्षणाच्या दृष्टीने या प्रशासकीय बदलांना विशेष अर्थ आहे. उस्मानिया विद्यापीठ, मराठवाडा विद्यापीठ आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अशा तीन विद्यापीठांच्या छायेत हे गाव क्रमाक्रमाने आले. गाव जागचे हलले नाही. विद्यापीठे मात्र बदलत गेली. विद्यापीठ बदलले की अध्यापनाचे माध्यम, प्रवासाची दिशा आणि मुक्कामाचे शहर हे सारेच बदलत असे. त्यामुळे पदवीनंतर पुढे कोठे शिकावे, हा या परिसरातील विद्यार्थ्यापुढील प्रश्न केवळ गुणांचा किंवा विषयाच्या आवडीचा कधीच नव्हता. 'प्रवेश' या शब्दात नोंदवहीतील नाव आणि डोक्यावरचे छप्पर अशा दोन गोष्टी अंतर्भूत असतात. त्यांपैकी दुसरी गोष्ट गृहीत धरली जाते, म्हणून पहिलीही अनेकदा निष्फळ ठरते. मराठवाड्याचा शैक्षणिक इतिहास या दृष्टीने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उस्मानिया विद्यापीठाचा काळ : माध्यम आणि मार्ग

१९१८ मध्ये हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक ज्ञानविज्ञान इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' हा स्वतंत्र अनुवाद विभाग उभारण्यात आला आणि गणित, रसायन, इतिहास, कायदा अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. या प्रयोगाचे शैक्षणिक मोल नाकारता येत नाही. तथापि संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. घरी मराठी बोलणाऱ्या आणि बाजारात कन्नड ऐकणाऱ्या उदगीर तालुक्यातील मुलाला माध्यमिक टप्प्यापासून उर्दूचा आधार घ्यावा लागे.

याच शहरात दुसरा पर्यायही उपलब्ध होता. निजाम कॉलेज १८८७ पासून मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते आणि तेथील शिक्षण इंग्रजीतून होत असे. १९४७ मध्ये ते उस्मानियाशी जोडले गेले. म्हणजे एकाच शहरात दोन विद्यापीठांच्या, दोन भाषांतील पदव्या मिळत होत्या. संस्थानात नोकरी करावयाची की संस्थानाबाहेर पुढे शिकावयाचे, या विचारावर महाविद्यालयाची निवड अवलंबून असणे स्वाभाविक होते. पदवी घेताना निवडलेली भाषा ही पदव्युत्तर शिक्षणाचे दरवाजे उघडणारी किंवा बंद करणारी ठरत होती.

मार्गाचा विचारही महत्त्वाचा होता. विकाराबाद-बीदर-उदगीर-परळी या लोहमार्गाने उदगीर थेट हैदराबादशी जोडले गेले. याउलट लातूरला १९११ मध्ये आलेली बार्शी लाईट रेल्वे अरुंद रुळांची होती आणि पुण्या-मुंबईकडे जाण्यासाठी कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. भाषेने पुणे जवळचे आणि रेल्वेने हैदराबाद जवळचे, असा हा पेच होता. संस्थानातील काही तरुण तर त्याहूनही दूर गेले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी झालेले गोविंदभाई श्रॉफ यांनी गणितातील एम.एस्सी. पदवी कोलकात्याहून घेतली. स्वामी रामानंद तीर्थ यांचे उच्च शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले.

१९३८ : वसतिगृहातून नागपूरकडे

प्रवेश आणि निवारा यांचा परस्परसंबंध १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीइतका अन्य कोणत्याही घटनेत स्पष्ट होत नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला होता. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि त्यानंतर उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. प्रशासनाने मनाई केली. विद्यार्थी माघार घेईनात. परिणामी त्यांना प्रथम वसतिगृह आणि नंतर विद्यापीठ सोडावे लागले. शेकडो विद्यार्थ्यांचे शिक्षण सत्राच्या मध्यावर खंडित झाले.

या घटनेचे वर्णन बहुधा राजकीय इतिहासात येते आणि ते योग्यच आहे. परंतु तिची एक शैक्षणिक बाजूही आहे. संघर्षाची जागा वर्ग नव्हती, वसतिगृह होती. व्याख्यानगृहात विद्यार्थी काही तास बसतो; वसतिगृहात तो राहतो, जेवतो, प्रार्थना करतो. म्हणून विद्यापीठ आपले आहे की परके, याचा निर्णय वसतिगृहातच लागतो. शिक्षेचा क्रमही हेच दर्शवितो. निवारा काढून घेतल्यावर परगावच्या विद्यार्थ्याचा प्रवेश नावापुरताच उरतो.

निष्कासित विद्यार्थ्यांपुढील प्रश्न बिकट होता. अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम अन्य विद्यापीठाने मान्य करावयाचा कसा? उर्दूतून शिकलेले शास्त्र इंग्रजीतून पुढे न्यावयाचे कसे? घरी काय सांगावयाचे आणि खर्च कोणी सोसावयाचा? अशा वेळी १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले. तत्कालीन कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना सामावून घेण्यात पुढाकार घेतला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे नागपूरला आलेल्या या विद्यार्थ्यांपैकीच एक होत. त्यांनीच कालांतराने हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा तेलुगू अनुवाद केला आणि १९८४ व १९८९ मध्ये नागपूरजवळच्या रामटेक मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले.

नागपूरचा निर्णय हा केवळ सहानुभूतीचा नव्हता. एका विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठातील विद्यार्थ्याची शिक्षा दुर्लक्षून त्याचे शिक्षण मोजले, हे त्याचे महत्त्व होय. पात्रता, समकक्षता, स्थलांतर प्रमाणपत्र हे आज कार्यालयीन वाटणारे शब्द त्या वर्षी शेकडो तरुणांच्या आयुष्याचा प्रश्न बनले होते.

पदवी आहे, जागा नाही

याच प्रश्नाची दुसरी आणि अधिक दाहक बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात आढळते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्रासोबत त्यांचे वास्तव्य झाले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार सेवा करण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा मात्र त्यांना राहावयास जागा मिळेना. ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. परंतु काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर पडण्यास भाग पाडले आणि अखेर बडोदा सोडावे लागले. परदेशात ज्याला खोली मिळाली त्याला स्वदेशात, ज्या संस्थानाने शिकविले त्याच्याच राजधानीत, छप्पर मिळाले नाही.

या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर त्यांच्या पुढील कार्यातील वसतिगृहांचे स्थान समजून घ्यावे लागते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. महाराष्ट्रात ही दृष्टी नवी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांसाठी वसतिगृहांची उभारणी केली होती आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. या तिघांनीही शाळेइतकेच महत्त्व मुक्कामाला दिले, ही बाब शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी विसरू नये अशी आहे.

१९५० नंतरचा मराठवाडा

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर लगेचच मराठवाड्यात दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. १९५० मध्ये डॉ. आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. तरीही ही महाविद्यालये काही काळ उस्मानियाशीच संलग्न होती. १९५६ मध्ये राज्य बदलल्यावर विद्यार्थी एका राज्यात आणि त्यांचे विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना होऊन ती संपुष्टात आली. न्यायशास्त्र आणि विद्यापीठीय प्रशासन यांचा अनुभव असलेले एस. आर. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू होत.

पुढे लातूर येथे १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय स्थापन झाले. उदगीरलाही महाविद्यालयीन शिक्षणाची सोय झाली. पदवीपर्यंतचे शिक्षण अशा रीतीने जवळ आले. पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र देवणीच्या विद्यार्थ्यास दीर्घकाळ औरंगाबादचाच मार्ग धरावा लागला. मराठवाड्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यासारखे ते होते. २७ जुलै १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्या काळात दलित विद्यार्थ्यासाठी गाव सोडणे आणि परगावी खोली शोधणे या दोन्ही गोष्टींना भीतीची किनार होती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर येथे त्याचा उपपरिसरही आहे. विद्यापीठ प्रथमच एका दिवसात जाऊन-येऊन गाठता येण्याइतके जवळ आले.

अंतर घटले, प्रश्न उरला

विद्यापीठ जवळ आल्याने स्थलांतराचा प्रश्न सुटला, असे समजणे घाईचे होईल. रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ग्रंथालयाची संध्याकाळ आणि प्रयोगशाळेतील जादा तास मिळत नाहीत. विद्यार्थिनींच्या बाबतीत तर वसतिगृहातील जागा निश्चित झाल्याशिवाय घरची संमती मिळणे अवघड असते. तिच्या दृष्टीने प्रवेशयादीइतकीच वसतिगृहाची यादी निर्णायक ठरते.

दुसरीकडे जुने मार्गही बंद झालेले नाहीत. १९७४ मध्ये स्थापन झालेले हैदराबाद विद्यापीठ आणि १९८० मधील गुलबर्गा विद्यापीठ हे देवणीच्या पदवीधरास सहज सुचणारे पर्याय आहेत. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिचा अर्ज गावातून भरता येतो. परंतु यादीत नाव लागल्यानंतर शुल्क भरणे, स्थलांतर प्रमाणपत्र मिळविणे आणि राहण्याची व्यवस्था करणे यांसाठी हाती थोडेच दिवस असतात. राज्यसीमेपलीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यास जातीचे व उत्पन्नाचे दाखले तेथे कोणत्या नमुन्यात चालतील, हेही आधीच पाहावे लागते.

शासनानेही या प्रश्नाचे स्वरूप मान्य केलेले दिसते. २०१६-१७ पासून राबविण्यात येणारी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्या खात्यावर भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम जमा करते. प्रवेश मिळूनही निवाऱ्याअभावी शिक्षण सुटू शकते, याची ही अधिकृत कबुलीच होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की देवणीसारख्या सीमावर्ती परिसरातील विद्यार्थ्याने गेल्या शतकभरात भाषा, राज्य आणि विद्यापीठ या तिन्ही सीमा ओलांडल्या. प्रत्येक वेळी प्रवेशाचा खरा कस मुक्कामाच्या ठिकाणी लागला. १९१७ मध्ये बडोद्यात पदवी होती, जागा नव्हती; १९३८ मध्ये हैदराबादेत जागा गेली आणि तिच्यामागोमाग प्रवेशही गेला; नागपूरने प्रवेश दिला, तेव्हा खंडित शिक्षण पुन्हा सुरू झाले.

यातून महाविद्यालयीन अध्यापकांसाठी एक व्यवहार्य बोध निघतो. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यास पुढील शिक्षणाचा सल्ला देताना विषय आणि विद्यापीठ यांची नावे सांगून थांबू नये. वसतिगृहाच्या अर्जाची मुदत, निर्वाहभत्त्याची अट, स्थलांतर प्रमाणपत्रासाठी लागणारे दिवस आणि तेथे आधी गेलेल्या माजी विद्यार्थ्याची ओळख हीसुद्धा मार्गदर्शनाचीच अंगे आहेत. टी. जे. केदार यांनी १९३८ मध्ये जे कुलगुरूपदावरून केले, त्याचा लहानसा अंश प्रत्येक अध्यापकास आपल्या विभागात बसून करता येण्याजोगा आहे. एखादा विद्यार्थी यादीत नाव असूनही गावी परत येतो, तेव्हा त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. ही न झालेली नोंद घेणे हे महाविद्यालयाचेच काम आहे.