ओपक्कमिक : एका पालि संज्ञेचा मागोवा

गेल्या वर्षावासात हडपसर येथील एका विहारात विनयपिटकाचे वाचन चालू असता महावग्गातील प्रव्रज्येस अपात्र ठरविलेल्या व्यक्तींचे प्रकरण आले. वाचन संपल्यावर एक तरुण उपासक मागे थांबला. कारखान्यात काम करताना जांघेत लोखंडी दांडा बसून त्याच्या वृषणास जबर इजा झाली होती व एक वृषण काढून टाकावे लागले होते. घरातील वडीलधाऱ्यांनी 'मागल्या जन्मीचे भोग' म्हणून त्याची समजूत घातली होती. आता 'पण्डक' हा शब्द कानी पडल्याने तो अधिकच खचला. धम्माच्या दृष्टीने आपण उणे ठरतो काय, आणि ही इजा आपल्याच पूर्वकर्माचे फळ आहे काय, असे त्याचे दोन प्रश्न होते. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर त्रोटक होते. ते सविस्तर द्यावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

पण्डकास प्रव्रज्या देऊ नये असा नियम महावग्गात आहे. परंतु पण्डक म्हणजे कोण, याची व्याख्या तेथे दिलेली नाही. ती इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात रचलेल्या 'समन्तपासादिका' या अट्ठकथेत सापडते. तेथे पण्डकाचे पाच प्रकार सांगितले आहेत : आसित्त, उसूय, ओपक्कमिक, पक्ख आणि नपुंसक. यांपैकी पहिल्या दोघांस प्रव्रज्येची मनाई नाही; उरलेल्या तिघांस आहे. ज्याची 'बीजे' उपक्कमाने काढून टाकली गेली, तो ओपक्कमिक. मराठीत 'उपक्रम' म्हणजे हाती घेतलेले कार्य. पालि 'उपक्कम' या शब्दात मात्र बाहेरून केलेला प्रयोग, इतकेच नव्हे तर हल्ला वा आघात, हाही अर्थ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंतःपुरातील वर्षवरांचा उल्लेख येतो. अट्ठकथाकारांसमोर अशी खच्ची केलेली माणसे असावीत, असे मानण्यास जागा आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. 'बीजे' हे बहुवचन आहे. एक वृषण गमावलेला पुरुष या व्याख्येत बसत नाही, असे आमचे मत आहे. दुसरे असे की, हा नियम प्रव्रज्येविषयी, म्हणजे संघाच्या शिस्तीविषयी व लोकापवादाविषयी आहे. त्रिशरण घेण्याविषयी तो नाही. शरीराला इजा करून चित्त शुद्ध होते, ही कल्पनाही विनयास मान्य नाही. कामविकाराने त्रस्त झालेल्या एका भिक्खूने स्वतःचे जननेंद्रिय कापून टाकल्याची कथा चुल्लवग्गात आहे. छेदावयाचे होते एक आणि या मूढाने छेदले भलतेच, अशा आशयाचे उद्गार काढून भगवंतांनी हे कृत्य थुल्लच्चय आपत्ती ठरविले. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात गुह्यस्थानाच्या दोन अंगुळांच्या परिसरात शस्त्रकर्म करण्यास मनाई आहे. तेथील त्वचा कोमल, व्रण भरणे कठीण आणि शस्त्र चालविणे अवघड, ही त्यामागील कारणे पूर्णपणे वैद्यकीय आहेत.

प्राचीन वैद्यांनाही या आघाताचे परिणाम ठाऊक होते. सुश्रुताने सांगितलेल्या 107 मर्मांत 'विटप' नावाचे मर्म आहे. ते जांघ व वृषण यांच्या मध्ये असून तेथे आघात झाल्यास षंढत्व किंवा शुक्राची अल्पता येते, असे त्याने नोंदविले. षंढत्व आणि अल्पशुक्रता असे दोन परिणाम त्याने वेगळे मोजले, हे विशेष होय. त्यामागील यंत्रणा कळण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1849 साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे बेर्टहोल्ड याने सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुजा राहिला व आरव बंद पडला. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसविले, ते मात्र नराप्रमाणेच वाढले. वृषणातून काहीतरी रक्तात उतरते, असे त्यावरून सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी लायडिग याने वृषणातील त्या पेशींचे वर्णन केले, ज्या हे 'काहीतरी' निर्माण करतात असे नंतर कळले. 1935 साली ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आले व त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले.

म्हणजे वृषणाची कामे दोन. सूक्ष्म नलिकांत शुक्रजंतू तयार होतात आणि नलिकांमधील लायडिगच्या पेशींत टेस्टोस्टेरॉन. दोहोंवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे नियंत्रण असते. आघात झाल्यास नलिका आधी बिघडतात. लायडिगच्या पेशी अधिक चिवट असतात. म्हणून अपत्यक्षमता घटूनही दाढी, आवाज, बळ व कामेच्छा शाबूत राहू शकतात. एक वृषण गेले तरी दुसरे निरोगी असल्यास सहसा दोन्ही कामे ते एकटेच भागविते. दोन्ही निकामी झाली तर मात्र वंध्यत्व येते, टेस्टोस्टेरॉन घसरते, आणि ते औषधरूपाने द्यावे लागते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने वीर्यतपासणी इजेनंतर तीनेक महिन्यांनी करणे योग्य. येथे आम्हांस एक आग्रहाने सांगावेसे वाटते. वृषणाला पीळ पडल्यास त्यास वाचविण्याची संधी मुख्यतः पहिल्या सहा तासांत असते. वृषण फुटल्यासही शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी बरी. लाजेने घरात दडून राहिल्यास जे वाचले असते तेही जाते.

आपल्या शेतकऱ्यास या विषयाचे व्यवहारज्ञान पूर्वीपासून आहे. कालव्याच्या पाण्यावरील हडपसरच्या मळ्यांत औतास जुंपावयाचा खोंड आधी बडविला जाई. पुढे पशुवैद्यांचा बर्डिझो चिमटा आला. या चिमट्याने कातडी न फाडता वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चेचल्या जातात आणि वृषण सुकून जाते. वळूचा मस्तवालपणा जाऊन बैल निवतो. या क्रियेतील वेदना ओळखणारा राजा याच भूमीत होऊन गेला. राज्याभिषेकास 26 वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात सम्राट अशोकाने पक्षाची अष्टमी, चतुर्दशी, पंधरावा दिवस, तिष्य व पुनर्वसू नक्षत्रांचे दिवस आणि सणांचे दिवस यांवर बैल, बोकड, मेंढे व डुकरे खच्ची करण्यास मनाई केली. ही बंदी संपूर्ण नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तथापि मुक्या प्राण्याच्या या वेदनेची दखल राजाज्ञेत घेतली गेली, हे थोडे नव्हे.

याच धाग्यावर पुढे एक कथा रचली गेली. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यात एका खच्ची पुरुषाचा दाखला येतो. बैलांना खच्ची होण्यापासून वाचविल्यामुळे त्यास याच जन्मी पुरुषत्व परत मिळाले, असे तेथे म्हटले आहे. करुणेची महती म्हणून ही कथा सुंदर आहे. परंतु ती शब्दशः घेतली तर उलट अनुमानही काढले जाते, की ज्यास पुरुषत्व परत मिळाले नाही त्याचे पुण्यच कमी पडले. त्या तरुणाच्या घरी नेमके असेच अनुमान काढले गेले होते.

त्याचे उत्तर तिपिटकातच आहे, आणि तेही याच शब्दात. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात मोळियसीवक हा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांना विचारतो, की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? भगवंत वेदनांची आठ कारणे मोजतात : पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, ओपक्कमिक, आणि शेवटी कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्माचे म्हणणारे लोक स्वतःस ठाऊक असलेल्या व जगाने सत्य मानलेल्या गोष्टीचे उल्लंघन करतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. 'ओपक्कमिक' आणि 'कर्मविपाक' ही दोन स्वतंत्र कारणे म्हणून शेजारी शेजारी मोजली आहेत, हे विसरता कामा नये. ज्या शब्दाने अट्ठकथेने त्या पुरुषाचे वर्गीकरण केले, तोच शब्द सुत्तात त्यास दोषमुक्त करतो. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाच्या माथी मारणे चूक आहे, हे बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात निक्षून मांडले. सीवकसुत्त त्या भूमिकेस बळकटी देते.

त्या तरुणास आम्ही एवढेच सांगू इच्छितो : दांडा निसटला तो यंत्रातील किंवा व्यवस्थेतील दोषामुळे, त्याचा शोध कारखान्यात घ्यावा, गतजन्मात नव्हे. शरीराविषयी वैद्यास विचारावे. आणि पुढच्या वर्गात मागे न थांबता पुढे येऊन बसावे.