दिंडीच्या पेटीतलं लोखंड

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीच्या जुन्या लाकडी पेटीत टाळांच्या दोऱ्या, विण्याच्या खुंट्या आणि जीर्ण पताका यांच्यासोबत एक लोखंडी वस्तू आहे. मुठीएवढी सरळ पट्टी, तिची दोन्ही टोकं वळवून आत घेतलेली. दरवर्षी प्रस्थानाला पेटी उघडली की तिला शेंदूर लागतो. हे जुन्या लोकांचं हत्यार, वाटेत चोर आले की मुठीत घालायचे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. या ग्रंथातही तसंच छापायचं ठरलं होतं. पण छापलेलं पुढची पिढी खरं मानते, म्हणून आधी खात्री करावी असं वाटलं.

कोणी म्हणालं बैलाची नाल. पण नालेला खिळ्यांची भोकं असतात, इथं एकही नाही. कोणी म्हणालं अडकित्त्याचा अर्धा भाग. मग खिळीची जागा कुठं? पेटीची कडी म्हणावी तर कडी धरायच्या जागी आतून झिजते. ही झिजली आहे बाहेरच्या सरळ काठावर, आणि तीही मधोमध. म्हणजे हिचा काठ कशावर तरी पुन्हा पुन्हा घासला गेला. हत्याराचा काठ असा झिजत नाही.

गावच्या लोहारानं त्या काठावर कानस फिरवली. कानस लागेना, घसरू लागली. "हे साधं लोखंड नोहे जी, पानी देल्लं पोलाद आहे," तो म्हणाला.

उलगडा झाला तो दिंडीतल्या सर्वांत वयस्क आजीकडून. हातात घेताच त्या हसल्या. "हे तं चकमक होय बाप्पा! माह्या आज्याजवळ होती. तुमी पोट्टे काय जानान?"

मग धुऱ्यावरची पांढरी गारगोटी आणली. अंधाऱ्या खोलीत पट्टी मुठीत धरून तिच्या धारेवर तिरपा घाव घातला. चार-पाच घाव वाया गेले आणि मग ठिणग्या उडाल्या! गारगोटीची धार पोलादाचा बारीक कीस खरवडते, तो घर्षणानं तापतो आणि हवेत पेट घेतो. मऊ लोखंडातून अशी ठिणगी निघत नाही, म्हणून पाणी दिलेलं पोलाद लागतं. ठिणगी कापसाच्या जळक्या चिंधीवर किंवा सावरीच्या कापसावर झेलायची, फुंकर घालायची, की इस्तो तयार.

सुरक्षित आगकाडी स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निघाली. आपल्याकडे बरीच वर्षं परदेशी आगपेट्या येत. 1923 साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. म्हणजे आपली दिंडी निघाली त्या काळात आगपेटी बाजारात होती. तरी चकमक पेटीत का? आषाढीची वाट पावसाची. भंडाऱ्यापासून पंढरपूर शेकडो किलोमीटर दूर. भिजलेली काडी फुकट जाते, पोलाद मात्र पुसलं की पुन्हा कामाला येतं. फक्त चिंधी कोरडी जपावी लागते.

एका ज्येष्ठ माउलींना हे रुचलं नाही. "इतकी वर्सं पुजलं, आन् आता आगपेटी म्हन्ता?" त्यांचं दुःख खरं आहे. पण विचार करा, माउली. हत्यारानं फार तर चोर पळाला असता. या पोलादानं मुक्कामाची चूल पेटली, काकड्याची वात लागली, थंडीनं कुडकुडणाऱ्याला शेक मिळाला. कोणाच्या अंगावर न उगारता सगळ्यांच्या पोटाला लागलेली ही वस्तू. वारकऱ्याच्या पेटीत हिच्याहून शोभेल असं काय आहे? शेंदूर लावायचा तर लावावा, फक्त कथा खरी सांगावी.

एक विनंती. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव, आणि जुनं पितळ-लोखंड आपण सहज मोडीत घालतो. घरात ओळख न पटणारी एखादी जुनी वस्तू असेल तर भंगारात देण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. कुठं झिजली आहे ते बघा. आणि विचारायला उशीर करू नका. आपल्या त्या आजी यंदा पायी येऊ शकल्या नाहीत.

॥ राम कृष्ण हरी ॥